राख लावलेला हुलगा

सन एकोणीसशे त्र्याण्णव, दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. रक्कम तीनशे दहा रुपये. त्यातले दोनशे आईने माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून वरून दोऱ्याने शिवून टाकलेले. हजर माणसं चार: आई, वडील म्हणजे अण्णा, मला न्यायला आलेला मामा आणि मी. ठिकाण वडूजचा एसटी स्टँड. नुकतं उजाडत होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

मला अठरावं लागलं होतं. मामाचं लुधियान्यात गलाईचं दुकान होतं. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध करून द्यायचा धंदा. आमच्या खटाव, माण, खानापूर, आटपाडी भागातली माणसं ह्या धंद्यापायी देशभर पसरलेली आहेत. सराफ बाजार असलेल्या कुठल्याही शहरात गेलात, तरी एखाद्या बोळात भट्टीजवळ बसून आपली भाषा बोलणारं कुणीतरी भेटेल. हे मी अशा भेटणाऱ्यांसाठी लिहितो आहे, आणि त्यांची वाट बघत गावाकडे राहिलेल्यांसाठीही.

त्या सकाळी घरी माझ्या घशाखाली काही उतरलं नव्हतं, म्हणून आईने हुलग्याचं माडगं किटलीत भरून स्टँडवर आणलं होतं. गाडी लागली तरी ती मला पितळीत ओतून देतच होती. मामा म्हणाला, "आक्का, पोरगं लुधियान्याला निगालंय, लढाईला न्हाई."

आई म्हणाली, "लढाईत निदान सरकार जेवाय घालतंय. तू काय घालनार हायेस, ते सांग."

अण्णा हसले. मीही हसलो. गाडी पुसेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा पोटात माडगं गरम होतं आणि बाकी सगळं अंग गार पडलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या माळावर पाऊस कमी पडतो, पण थंडी भरपूर पडते. ह्या जमिनीत बाजरी येते आणि हुलगा, म्हणजे कुळीथ, येतो, म्हणून थंडीचं जेवणही ह्या दोहोंचंच. हुलगे भाजायचे, जात्यावर भरडून साल पाखडायची, मग बारीक पीठ करायचं. त्या पिठाचं गूळ, सुंठ आणि मिठाचा खडा घालून केलेलं पातळसर माडगं संध्याकाळी वाटीला तोंड लावून प्यायचं. त्याच पिठात लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, तळहातावर वळून त्याची वेटोळी करायची आणि उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडायची, ही शेंगोळी. अख्खे हुलगे शिजवून त्यांच्या पाण्याची आमटी केली तर ते कळण. बरोबर तीळ लावलेली बाजरीची भाकरी, कारळ्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आई म्हणायची, "पोटात ऊन असलं की थंडी बाहीर ऱ्हाती."

लुधियान्याची थंडी मात्र बाहेर राहणारी नव्हती. डिसेंबरात इथे धुकं पडतं, आणि ते पडलं की सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही. पहिल्या हिवाळ्यात दुकानातल्या आम्हा पाच जणांना दोन रजया होत्या. गावाकडून येणाऱ्या एकाजवळ आईने हुलग्याचं पीठ पाठवलं. मी उकळत्या पाण्यात एकदम ओतलं आणि त्याचा गोळा झाला. मामाने पळी उभी करून बघितली. ती उभीच राहिली. "आनंदा," तो म्हणाला, "हे प्यायाचं न्हाई रं. हे खिडकीच्या काचंला लांबी म्हनून लाव."

पुढे शिकलो. धंदा शिकलो, पंजाबी शिकलो, तंदूरची रोटी, सरसोंचं साग, पांढऱ्या लोण्याचा गोळा हे सगळं अंगवळणी पडलं. मामा थकून गावी परतला तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. लग्न आटपाडीच्या सुमनशी झालं. मुलगी ऋतुजा इथेच जन्मली, इथल्याच कॉलेजात जाते, आणि तिच्या बोलण्यात तीन भाषांची मिसळ असते. खाली दुकान, वर घर. बाजारातले लोक आम्हाला 'मराठे' म्हणतात, नावानं फारसं कुणी हाक मारत नाही. मी वर्षातून एकदा, यात्रेला, आठ दिवस गावी जायचो. बाकी सगळं फोनवर.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात अण्णा गेले. श्रावणात त्यांनी माळावरच्या तुकड्यात हुलगा पेरला होता. तो आईने आणि शेजारच्या हमीदाचाचीने मिळून काढला, बडवला, पाखडला. हमीदाचाची पिंजाऱ्यांच्या घरातली. आमच्या गावातल्या निम्म्या गाद्या-रजया तिच्या नवऱ्याने भरलेल्या. दोन्ही घरांत एकच भिंत, आणि थंडीत त्या भिंतीवरून भांडी इकडे-तिकडे जायची: तिकडून पायाचा रस्सा यायचा, इकडून माडगं जायचं.

दिवाळी होताच मी आईला न्यायला गेलो. ती एकटी राहावी असं मला वाटत नव्हतं. कायमची चल, म्हणालो. तिने लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "संक्रांतीपतोर बगते. हाताला काम असलं तर ऱ्हाईन. नुसतं बसून जेवाय मला जमायचं न्हाई."

पायाशी हुलग्याचं पोतं होतं. चौदा किलो, अण्णांनी पेरलेलं शेवटचं पीक. वाटेत टीसीने विचारलं, "माताजी, इसमें क्या है?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग त्येला, माजी नोकरी हाय म्हनावं."

ते खरंच होतं. सुमन शहाणी, तिला न सांगता कळलं. तिने संध्याकाळचं स्वयंपाकघर आत्तींच्या, म्हणजे सासूच्या, हवाली केलं. पहिले पाच-सहा आठवडे आमच्या घरात जे सुख होतं, तसं त्याआधी नव्हतं आणि नंतरही आलं नाही. चार वाजले की वरून भाजलेल्या हुलग्याचा वास जिन्यातून दुकानात उतरायचा. दुकानातली चारही पोरं माण-खानापूरकडची. त्यांना आई किटली भरून खाली पाठवायची. शंकर नावाचा कारागीर, भट्टीजवळ बसून बसून जो कधी कुणाशी बोलत नसे, तो एकदा वाटी तोंडाला लावून भिंतीकडे तोंड करून बसला. बाकीच्यांनी चेष्टा केली. आई म्हणाली, "गप रं गड्यांनो. पिऊ द्या त्येला."

ऋतुजा शेंगोळी वळायला बसायची. "आज्जी, माझी साँप जैसी होतेय, तुझी गोल कशी?" आई म्हणायची, "कशीबी वळ बये. पोटात जाऊन सरळच हुती."

मी मनात धरून चाललो होतो की संक्रांतीला आता विचारायची गरज पडणार नाही.

मार्गशीर्षाच्या अखेरीला धुकं फार पडलं. भिंतीला ओल आली. आईला पोत्यात भुंगा दिसला. आमच्याकडे कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्याला राख लावून ठेवतात. चुलीतली राख चाळायची, कडधान्यात कालवायची आणि डबा बंद करायचा. वर्षभर काही होत नाही. खायला काढताना पाखडायचं, धुवायचं. आईने हे आयुष्यभर केलं होतं. पण आमच्या घरात गॅस. तिने सुमनला राख मागितली, सुमन म्हणाली, आत्ती, इथे कुठली राख? समोरच्या सरदारणीकडेही तिने खुणांनी विचारून बघितलं. दोन दिवस ती राखच शोधत होती.

आता दुकानाचं सांगतो. गलाईच्या दुकानात काहीच टाकत नाहीत. भट्टीची राख, झाडलेला केर, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशींचा चुरा हे सगळं जपून ठेवायचं, कारण त्यात सोन्या-चांदीचे कण असतात. वर्षातून एकदा ते धुऊन, गाळून काढून घेतात. त्या राखेत शिसं असतं, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, अंश असतो. आमची राख झाकणाच्या डब्यात, गच्चीच्या जिन्याखाली ठेवलेली असायची. घरच्या सगळ्यांना ते इतकं माहीत होतं की आईला सांगायला हवं, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला थोडं ऊन पडलं म्हणून मी चहा घ्यायला वर गेलो. आई गच्चीत चादर पसरून बसली होती. चादरीवर सगळा हुलगा, कोपरापर्यंत करडे झालेले हात, आणि चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचा आनंद.

"गावली बग राख," ती म्हणाली. "तुज्या घरात असून कुनाला ठावं न्हाई. आन काय बारीक हाय! चाळायचीबी गरज पडली न्हाई."

मी आधी तिचे हात धुतले. साबण लावून, नखं घासून, पुन्हा पुन्हा. ती विचारत होती, "आरं, काय झालं? इंचू हाय का काय?" मग तिला बसवून सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवण्यासारखं काही नव्हतंच, तिने काही चुकीचं केलं नव्हतं. ह्याच कामाला तिच्या घरात चार पिढ्या राखच वापरली जात होती.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "धुतलं की जातंय."

"नाही जात, आई. शिसं आहे त्यात."

"चार पान्यानं धुते."

"नाही जात."

"मग गाईला घाल. रस्त्यावं गाया हायेत की."

"गाईला नको. मरेल."

तिने चादरीवरच्या हुलग्याकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "पाखरांस्नी तरी?"

मी नकारार्थी मान हलवली. धान्य पाखरांनाही घालता येऊ नये असं आपल्याच हातून झाल्याचं दुःख कसलं असतं, हे शेतातल्या माणसाला सांगायला नको. ती उठली, चादरीला हात न लावता आत गेली.

पुढचंही लिहितो. राख तशीच टाकून देणं शक्य नव्हतं, तिच्यात वर्षभराचं काम होतं. दुसऱ्या दिवशी शंकरने गच्चीतच हुलगा चाळून वेगळा केला आणि राख धुवायला नेली. आई खोलीच्या दारातून बघत होती. हुलगा दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून मी शहराबाहेर खड्डा काढून पुरला. आजही तसा प्रसंग आला तर हेच करीन, दुसरा मार्ग नाही. राखेचं काम आठवड्याने झालं तेव्हा आईने विचारलं, "किती निगालं?"

मला वाटलं, काही वाया गेलं नाही हे कळून तिला बरं वाटेल. मी सांगितलं, पावणेतीन ग्रॅम सोनं.

तिने भाव विचारला, तोही मी सांगितला. ती म्हणाली, "मंजी तुज्या बापाच्या हुलग्यापरीस राख म्हाग."

तिथून पुढे ती स्वयंपाकघरात गेली नाही. म्हणजे जायची, पण उंबऱ्यापाशी थांबायची. डब्याला हात लावायच्या आधी विचारायची, "सुमन, ह्येच्यात मीठच हाय न्हवं?" साखरेला विचारायची, पाण्याच्या पिंपाला विचारायची. ज्या बाईने पन्नास वर्षं अंधारात हात घालून बरोबर डबा काढला, ती मिठाला मीठ आहे का विचारू लागली. सुमन रडवेली होऊन म्हणाली, "आत्ती, असं काय करता? घर तुमचंच आहे."

"घर माजं हाय गं," आई म्हणाली. "पर वळखीचं न्हाई."

मी बाजारात शोधून दोन किलो हुलगा आणला. इथे त्याला कुलथ म्हणतात आणि पहाडी लोकांच्या एका दुकानात तो मूतखड्यावरचं औषध म्हणून मिळतो. आईने त्यात हात घातला, दाणे बोटांवरून सोडून दिले. "औशिदाचा हाय," म्हणाली. "ऱ्हाऊ दे." सुमनने त्याचं माडगं केलं. आई पाव्हण्याने प्यावं तसं प्यायली आणि "चांगलं झालंय" म्हणाली. त्या "चांगलं झालंय"ने मला कळलं की ती राहणार नाही.

संक्रांतीचा तिळगूळ तिने दिला आणि चौथ्या दिवशी मी तिला गावी पोचवून आलो. मी फार आग्रह केला. तिने एकच उत्तर दिलं, "तितं मला राख कुठली ते कळतंय."

त्यानंतर दोन हिवाळे रोज संध्याकाळी फोन व्हायचा; त्या दोन वर्षांत यात्रेलाही जायला मला जमलं नव्हतं. मी विचारायचो, "काय जेवलीस?" आई म्हणायची, "माडगं पेलं. ऊन ऊन." कधी म्हणायची, "आज शेंगोळी हुती." मला हायसं वाटायचं. निदान तिच्या चुलीवर तिचं चाललंय. सुमनलाही मी सांगायचो, आई पुन्हा पहिल्यासारखी झाली.

गेल्या माघात हमीदाचाचीचा सकाळी फोन आला. मी लुधियान्याहून दिल्ली, दिल्लीहून पुण्याचं विमान, पुण्याहून गाडी करून पोचलो, तेव्हा माणसं माझ्यासाठीच थांबली होती.

तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले. मी स्वयंपाकघर आवरायला घेतलं. माझा स्वभाव असा की प्रत्येक डबा उघडून बघितल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही. तांदूळ होता, बाजरीचं पीठ होतं, चहा-साखर, बिस्किटांचे पुडे. हुलगा कुठेच नव्हता. अख्खा नाही, भरडलेला नाही, पीठही नाही. हुलगा भाजायची खापरी फळीवर पालथी, तिच्यावर धुळीचा थर. जात्याच्या तोंडात कोळ्याने जाळं केलं होतं.

भिंतीपलीकडे हमीदाचाची चुलीपाशी बसली होती. तिला विचारलं.

"तिच्या घरात हुलगा कुटनं असंल?" चाची म्हणाली. "तुज्याकडनं आली तवापास्नं तिनं पेरला न्हाई, भाजला न्हाई. मी म्हनायची, आगं, चल की, दोगी मिळून करू. तर म्हनायची, हमीदा, माज्या हाताचा भरवसा मलाच ऱ्हायला न्हाई."

"मग फोनवर रोज..."

"खोटं न्हाई बोलली ती," चाचीने मला मध्येच थांबवलं. "माडगं पेयाची. हिवाळाभर, रोज. मी करायची, भिताडावनं द्यायची. शेंगोळीबी दिली. लसून कमी घातला की शिव्या घालायची मला."

मी उठायला लागलो. चाचीने चूल सारली.

"आन एक सांगते, बस. तिनं फुकाट घेतलं न्हाई. आदी आमी देत-घेत हुतो, तवा तिच्याकडनंबी यायचं. आता तिच्याकडनं काय येनार? पयल्याच दिशी म्हनाली, हमीदा, हे माज्या आनंदाच्या नावावं घाल. हुलगा, गूळ, सुंट, सगळं. हिवाळ्याचं जेवन मी माज्या पोराकडंच जेवती, असं समज. त्यो आला की देईल."

तीस वर्षं मी आईला पैसे पाठवले. त्या पैशांतून औषधं आली, पत्रे आले, विजेचं बिल गेलं. चाचीला ती ते पैसे देऊ शकली असती. दिले नाहीत. थंडीतलं जेवण तिने माझ्याकडेच शिल्लक ठेवलं.

आता कुणी विचारतं, घर कुठलं, तर मी गावाचं नाव सांगतो, पण त्या घराला कुलूप आहे. लुधियान्यात माझं नाव पाटीवर आहे, पण आई त्या घरात मिठाला हात लावायला भ्यायली. दोन हिवाळे माझ्या नावाने आईसाठी चूल पेटत होती ती पिंजाऱ्याच्या घरात, भिंतीपलीकडे. मला कुणी विचारलं नव्हतं आणि सांगितलंही नव्हतं. माझं घर तेवढंच होतं आणि तेही संपल्यावर मला कळलं.

मी चाचीला विचारलं, किती झाले. तिने आढेवेढे घेतले नाहीत. हुलगा नऊ किलो, गूळ, सुंठ आणि गिरणीचं दळण धरून तेराशे चाळीस. सरपणाचं ती म्हणाली नाही. मी दोन हजार पुढे केले. तिने मोजून जास्तीचे सहाशे साठ माझ्या गुडघ्यावर ठेवले.

"हिशेबाचं तेवडंच," ती म्हणाली. "जास्तीचं दिलंस तर ते तुजं दान हुईल. तिचं जेवन न्हाई ऱ्हानार."

दिले: तेराशे चाळीस रुपये. कुणाला: हमीदाचाचीला. कशाबद्दल: आई दोन हिवाळे माझ्याकडे जेवली, त्याबद्दल.